युक्तिवाद की चकवा?

रविवारी सकाळी साडेदहाची वेळ. सोसायटीच्या गच्चीवर भाड्याने आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत, एका कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि बटाटेवड्यांचे खोके. विषय एकच : पुनर्विकास. ही सभा कोणा एका विशिष्ट सोसायटीची नव्हे. मुंबई, ठाणे, पुणे येथील जुन्या इमारतींमधून अशा सभा भरत असतात आणि वाचकांपैकी अनेकजण त्यांतल्या एखाद्या सभेला मागच्या रांगेत बसून आलेही असतील. विकासकाच्या प्रस्तावाचे कौतुक चालू असताना तिसऱ्या मजल्यावरच्या एक वयस्कर काकू उठतात आणि साधा प्रश्न विचारतात, ‘‘काम अर्धवट थांबलं आणि भाडं यायचं बंद झालं, तर आपण कुठे जायचं? बँक गॅरंटी किती रकमेची आहे?’’

पुढच्या दहा मिनिटांत काकूंना सहा उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर चेअरमनसाहेबांचे : ‘‘काकू, तुम्ही तर लिफ्टलासुद्धा विरोध केला होतात.’’ दुसरे, पुढच्या रांगेतून : ‘‘म्हणजे आम्ही सगळ्यांनी या पडक्या इमारतीतच मरावं, असं तुमचं म्हणणं आहे का?’’ तिसरे : ‘‘आता दोनच पर्याय आहेत. आज ठराव करा, नाहीतर स्लॅब डोक्यावर पडायची वाट बघा.’’ चौथे : ‘‘बावन्नपैकी अठ्ठेचाळीस मेंबर तयार आहेत. इतके सगळे मूर्ख आहेत का?’’ काकू विचारतात, मागच्या सभेचे इतिवृत्त तरी का मिळाले नाही? त्यावर पाचवे उत्तर येते, ‘‘तुमचे यजमान सेक्रेटरी होते, तेव्हा तरी कुठे वेळेवर मिळत होतं?’’ शेवटी विकासकाचा तरुण प्रतिनिधी अत्यंत नम्रपणे म्हणतो, ‘‘मॅडम, आम्ही पस्तीस टक्के जादा एरिया देतोय. आणि ही ऑफर फक्त महिनाअखेरपर्यंत आहे.’’

टाळ्या पडतात. काकू खाली बसतात. ठराव मंजूर होतो आणि वडे संपतात.

या सहा उत्तरांपैकी एकाही उत्तरात बँक गॅरंटीचा आकडा नव्हता, हे त्या गच्चीवर कोणाच्याच लक्षात आले नाही. वास्तविक तो प्रश्न खोडसाळ नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) अन्वये राज्य शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०१९ साली पुनर्विकासासंबंधी ज्या सूचना काढल्या, त्यांत बँक हमी हा एक विषय आहेच. प्रश्न रास्त होता, तो विचारलाही गेला, सभेने तो ऐकलाही. आणि तरीही तो दहा मिनिटांत नाहीसा झाला. माणसाच्या आयुष्यात एकदाच होणारे घर ज्या निर्णयावर अवलंबून आहे, त्या निर्णयाच्या वेळी असे कसे घडते, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

कारण आणि कारणाचा आभास

कोणत्याही युक्तिवादाचे तीन भाग असतात. जे सिद्ध करायचे ते विधान, त्यासाठी दिलेले कारण आणि त्या कारणाचा विधानाशी असलेला संबंध. आपले लक्ष बहुधा पहिल्या दोहोंवर असते. विधान आवडले की नाही आणि कारण खरे की खोटे, एवढेच आपण पाहतो. फसगत मात्र तिसऱ्या ठिकाणी होते. कारण शंभर टक्के खरे असू शकते आणि तरीही त्याचा विधानाशी काडीचाही संबंध नसू शकतो. काकूंनी लिफ्टला विरोध केला होता, ही वस्तुस्थिती असेल. पण तिच्यावरून बँक गॅरंटी पुरेशी आहे असे निष्पन्न होत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत, आणि त्यांतले बरेचसे वादविवादाशीच संबंधित आहेत. जे कारणासारखे दिसते परंतु कारण नसते, त्याला तेथे ‘हेत्वाभास’ हे नेमके नाव आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे नैयायिकांचे प्रसिद्ध अनुमान. ते उलटे करून पाहावे : अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे. हे टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जे कारण साध्य असते तेथेही सापडते आणि नसते तेथेही सापडते, त्याला ‘सव्यभिचार’ हेतू म्हणतात. अठ्ठेचाळीस सभासदांची संमती हे प्रस्ताव सुरक्षित असल्याचे कारण म्हणून दिले जाते, तेव्हा हाच दोष घडतो. यशस्वी झालेल्या योजनांना बहुमत होते आणि रखडलेल्या योजनांनाही बहुमतच होते. दोन्हीकडे आढळणारी गोष्ट दोहोंमधला फरक सांगू शकत नाही.

न्यायशास्त्राने वादाच्याही तीन जाती केल्या. सत्य शोधण्यासाठी होतो तो ‘वाद’, जिंकण्यासाठी होतो तो ‘जल्प’ आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे ही ‘वितंडा’. त्यांपैकी वितंडवाद हा शब्द आज मराठीत घरोघरी रुळला आहे. सोसायटीची सभा ही वस्तुतः ‘वाद’ असायला हवी, कारण इमारत सर्वांचीच आहे आणि चूक झाली तर सर्वांनाच भोवणार आहे. पण बोलणाऱ्यांच्या नकळत तिचा ‘जल्प’ होतो. एकदा हे घडले की प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तो हल्ला वाटू लागतो, आणि हल्ल्याला उत्तर द्यायचे नसते, तो परतवायचा असतो.

सहा उत्तरांची सहा रूपे

पहिल्या उत्तरात प्रश्नाऐवजी प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला लक्ष्य केले आहे. अशा युक्तिवादासाठी पाश्चात्त्य तर्कशास्त्रात वापरला जाणारा लॅटिन शब्दप्रयोग जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवला. मात्र येथे तारतम्य हवे. व्यक्तीविषयी बोलणे प्रत्येक वेळी गैर नसते. ज्या सल्लागाराच्या अहवालावर सारे विसंबून आहेत, त्याची फी विकासकच देत असेल, तर ते विचारलेच पाहिजे. उंदराला मांजर साक्ष, ही म्हण त्याचसाठी आहे. जेथे आपण एखाद्याच्या शब्दावर विश्वास ठेवत असतो, तेथे त्याचे हितसंबंध पाहावेत. काकू मात्र कोणाला विश्वास ठेवायला सांगत नव्हत्या, त्या केवळ एक आकडा मागत होत्या. आकडा कोणी मागितला यावर तो बदलत नाही.

दुसऱ्या उत्तरात काकू जे बोलल्याच नव्हत्या, ते त्यांच्या तोंडी घातले गेले. पुनर्विकास नको, असे त्यांनी म्हटलेच नव्हते. पण ‘हमी किती’ या प्रश्नाला तोंड देणे अवघड आणि ‘पडक्या इमारतीतच राहू या’ या मताला झोडपणे सोपे. साप साप म्हणून भुई धोपटणे यालाच म्हणतात. ही युक्ती ओळखण्याची खूण सोपी आहे : ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की...’ अशी सुरुवात झाली की सावध व्हावे. पुढचे वाक्य मूळ बोलणाऱ्याला मान्य आहे का, एवढे विचारले तरी पुरते.

तिसऱ्या उत्तराने अनेक वाटांपैकी दोनच शिल्लक ठेवल्या, आणि त्यांतली एक इतकी भीषण रंगवली की दुसरी आपोआप निवडली जावी. आज ठराव आणि उद्या अपघात यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. करारातील कलमे बदलून घेता येतात, दुसऱ्या विकासकांकडून प्रस्ताव मागवता येतात, इमारतीची संरचनात्मक तपासणी करून किती वेळ हाताशी आहे ते ठरवता येते. अर्थात कधीकधी पर्याय खरोखरच दोन असतात. तपासणीत इमारत अतिधोकादायक ठरली असेल, तर ‘सोडा किंवा जीव धोक्यात घाला’ हे सत्यच असते. म्हणून ‘दोनच पर्याय’ ऐकल्यावर तिसरा शोधून पाहावा. सापडला नाही, तर मुकाट्याने मान्य करावे.

चौथे उत्तर बहुमताचे. पाचामुखी परमेश्वर, ही आपली श्रद्धा, आणि लोकशाहीत निर्णय बहुमतानेच व्हायचे. परंतु निर्णय कोणी घ्यायचा हे बहुमत ठरवते, वस्तुस्थिती काय आहे हे ते ठरवत नाही. शिवाय अठ्ठेचाळीस जणांनी स्वतंत्रपणे कागद वाचले, की एकाने वाचले आणि उरलेल्यांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली, यात फार मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला संस्कृतात गतानुगतिकता म्हणतात : पुढचा गेला म्हणून मागचा गेला. मेंढरांच्या कळपाची शिरगणती करता येते, पण तिला मतगणना म्हणता येत नाही.

पाचव्या उत्तराला न्यायसूत्रांत स्वतंत्र नाव आहे, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. वादात पराभव झाल्याचे मानावे अशा बावीस ‘निग्रहस्थानां’मध्ये ‘मतानुज्ञा’ नावाचे एक स्थान आहे. स्वतःवरचा आरोप न खोडता तोच आरोप समोरच्यावर टाकणे, असा त्याचा आशय. नाव फार मार्मिक आहे, कारण असे करणारा माणूस नकळत आरोपाला ‘अनुज्ञा’, म्हणजे संमतीच देत असतो. ‘तेव्हा तरी कुठे मिळत होतं?’ या वाक्याचा सरळ अर्थ, आताही मिळालेले नाही, एवढाच होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हा दोष नैतिकदृष्ट्या खरा असू शकतो. पण स्वतः सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरने सिगारेट घातक असल्याचे सांगितले, तर सल्ला खोटा ठरत नाही. दूरचित्रवाणीवरच्या राजकीय चर्चा पाहणाऱ्यांना या युक्तीची अधिक उदाहरणे देण्याची गरज नसावी.

शब्दांचे आणि आकड्यांचे छळ

सहावे उत्तर सर्वांत नम्र होते आणि म्हणूनच सर्वांत प्रभावी. त्यातला ‘एरिया’ हा शब्द पाहावा. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने ‘वाक्छला’चे एक गमतीदार उदाहरण दिले आहे. कोणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्या अंगावर नवी कांबळ आहे. प्रतिपक्षी म्हणतो, खोटे! याच्याकडे तर एकच कांबळ आहे, नऊ कुठे आहेत? ‘नव’ या शब्दाचे दोन अर्थ आणि एकावरून दुसऱ्यावर बेमालूम उडी. ‘एरिया’ या शब्दातही अशीच उडी दडलेली असू शकते.

समजा, सभासदाचे आजचे घर ५०० चौरस फूट कार्पेटचे आहे. पस्तीस टक्के जादा म्हणजे ६७५ चौरस फूट. पण हे ६७५ बिल्ट-अप असतील आणि बिल्ट-अप क्षेत्र कार्पेटच्या १.२ पट धरले असेल, तर प्रत्यक्ष वापरायला मिळणारे कार्पेट ५६२.५ चौरस फूट होते. वाढ पस्तीस टक्के नव्हे, साडेबारा टक्के. एकही आकडा खोटा सांगितलेला नाही. फक्त पहिल्या वाक्यातला एरिया आणि दुसऱ्या वाक्यातला एरिया वेगळा होता. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये कार्पेट क्षेत्राची व्याख्या कायद्यानेच करण्यात आली, ती या घोळाला आळा बसावा म्हणूनच.

टक्केवारीचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, याचे एक उदाहरण वैद्यकक्षेत्रात सापडते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजेच शंभर टक्क्यांनी वाढतो. बातमी ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या घेणे थांबवले. मूळ आकडे असे होते : आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होत असे, नव्या गोळ्यांनी तो दोघींना होऊ लागला. सात हजारांत एक अधिक. त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. वास्तविक गर्भारपणातही गुठळ्यांचा धोका असतो आणि तो त्या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्याहून अधिक असतो. ‘दुप्पट’ हा शब्द खरा होता. ‘कशाच्या दुप्पट’ हे विचारायचे राहून गेले. पस्तीस टक्के ऐकल्यावर ‘कशाच्या’ हाच पहिला प्रश्न असला पाहिजे.

‘फक्त महिनाअखेरपर्यंत’ या शब्दांत तर युक्तिवादच नाही, केवळ घाई आहे. घाई झालेला माणूस प्रश्न मागे घेतो. पस्तीस टक्क्यांचा जो आकडा प्रथम उच्चारला गेला, त्याचेही एक काम असते. एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका प्रयोगाचे वर्णन आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवले जाई आणि ते १० किंवा ६५ या आकड्यावर थांबे. मग त्यांना विचारले जाई, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल? ज्यांनी १० पाहिले त्यांचे मध्यम उत्तर २५ आले, ज्यांनी ६५ पाहिले त्यांचे ४५. चक्राचा त्या प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. प्रथम कानांवर पडलेला आकडा खुंटीसारखा रुतून बसतो आणि पुढची सारी घासाघीस त्या खुंटीभोवती फिरते.

शहाण्यांसाठी एक धोका

येथवर वाचून काकूंची बाजू निर्दोष होती असे वाटण्याचा संभव आहे. तसे मानण्याचे कारण नाही. त्याच सभेत त्यांच्या बाजूने कोणी उठून म्हणाले असते, ‘‘माझ्या मेव्हण्याची सोसायटी सात वर्षं रखडली आहे. सगळे बिल्डर सारखेच!’’ तर तोही हेत्वाभासच. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातली सारी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. विकासक तसे नसतात. किंवा कोणी म्हटले असते, ‘‘आज हे कलम मान्य केलंत, तर उद्या पार्किंग जाईल आणि परवा गच्ची.’’ म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, या म्हणीत शहाणपण आहे. पण काळ कसा सोकावेल, त्याची एकेक पायरी दाखवता आली पाहिजे. नाहीतर ती केवळ भीती.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तर्कदोषांची नावे नव्याने शिकलेला माणूस ती काठीसारखी वापरू लागतो. समोरच्याच्या बोलण्यात एक दोष सापडला की त्याचे मतच खोटे ठरले, असे त्याला वाटते. हाही तर्कदोषच आहे. चेअरमनसाहेबांची सहाही उत्तरे सदोष असली तरी प्रस्ताव मुळात उत्तम असू शकतो. वाईट कारणाने चांगल्या गोष्टीचे समर्थन करणारे जगात काही कमी नाहीत. दोष दाखवल्याने एवढेच सिद्ध होते की, हे कारण पुरेसे नाही, दुसरे आणा. म्हणूनच हे ज्ञान प्रथम स्वतःवर वापरून पाहावे. आपल्याला न पटणाऱ्या मतातल्या फटी चटकन दिसतात. आवडत्या मतातल्या फटींवर आपणच गालिचा अंथरतो.

एका माणसाचे काम

कोकणात रात्री ओळखीच्या वाटेवर माणसाला चकवा लागतो, असे म्हणतात. चालणारा चालतच राहतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येऊन पोहोचतो. वर पाहिलेल्या साऱ्या युक्त्यांचे काम तेच आहे. प्रत्येक उत्तर ऐकताना आपण पुढे गेलो असे वाटते, प्रत्यक्षात प्रश्न होता तेथेच असतो. त्यामुळे दोषांची लांबलचक यादी पाठ करण्याची आवश्यकता नाही. एकच कसोटी बाळगली तरी बहुतेक चकवे उलगडतात : मूळ प्रश्न काय होता आणि त्याचे उत्तर मिळाले का?

ही कसोटी सभेत बोलून दाखवायला मात्र धैर्य लागते. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना रेषांची लांबी ओळखायची होती. उत्तर उघड दिसत होते. पण गटातले बाकीचे सारे, जे प्रयोगकर्त्याला सामील होते, ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. सुमारे तीनचतुर्थांश व्यक्ती निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेल्या. मात्र गटात एकच माणूस खरे उत्तर देणारा ठेवला, तर हे मागे जाणे झपाट्याने घटले. बहुमताचा दबाव संख्येपेक्षा एकमुखीपणात असतो, आणि एकमुखीपणा मोडायला एक माणूस पुरतो.

गच्चीवरच्या त्या सभेत काकू एकट्या होत्या. त्यांना पाठिंबा देण्याची गरज नव्हती, त्यांच्याशी सहमत होण्याचीही नव्हती. दुसऱ्या कोणीतरी शांतपणे उभे राहून फक्त एवढे म्हणायला हवे होते, ‘‘काकूंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. गॅरंटी किती रकमेची आहे, ते सांगता का? आणि ते इतिवृत्तातही लिहून घेऊ या.’’ उत्तर समाधानकारक आले असते, तर ठराव अधिक भक्कम झाला असता. आले नसते, तर बावन्न कुटुंबांना वेळेवर कळले असते.

पुढच्या वेळी मागच्या रांगेत बसलेल्या आपल्यापैकी कोणीतरी हे वाक्य उच्चारायला हरकत नाही.